कोरियन युद्धाच्या वॉर डायऱ्या वाचायला बसताना

एम.ए.च्या प्रबंधासाठी कोरियन युद्ध घेतलं, तेव्हा पहिले काही महिने मी सेनापती मॅकआर्थर, इंचॉनला उतरलेलं त्यांचं सैन्य आणि दोन कोरियांना विभागणारा ३८वा अक्षांश यांच्याभोवतीच फिरत होतो. ते वाचावं लागतंच. पण डोंगरात अडकलेल्या पलटणीचा दिवस कसा गेला, हे मला वॉर डायऱ्या, म्हणजे तुकड्यांनी युद्धात रोज लिहिलेल्या नोंदवह्या, उघडल्यावरच कळलं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगतो: तीन वर्षांचं युद्ध एकदम हातात घेऊ नका. एकच रस्ता घ्या.

मी घेतला उत्तर कोरियातल्या डोंगरांतला यूदाम-नी ते हागारू-री. ‘री’ किंवा ‘नी’ म्हणजे गाव. अंतर जेमतेम २२ किलोमीटर. २७ नोव्हेंबर १९५०च्या रात्री चिनी सैन्याने यूदाम-नीला अमेरिकी मरीनच्या दोन रेजिमेंटवर हल्ला चढवला. १ डिसेंबरला त्या माघारी निघाल्या. पुढची माणसं हागारू-रीला पोचली ५९ तासांनी, शेवटची ७९ तासांनी. इतका वेळ का लागला, या एका प्रश्नाने मला आख्खी मोहीम शिकवली. जखमींनी भरलेले ट्रक अरुंद रस्त्यावरून सरकत होते आणि ते सरकावेत म्हणून दोन्ही बाजूंच्या टेकड्या आधी लढून घ्याव्या लागत होत्या. मधली तोकटोंग खिंड तर मरीनच्याच फॉक्स कंपनीने पाच रात्री धरून ठेवली होती. थंडी उणे ३०च्या आसपास. बंदुकांचं तेल थिजायचं, जखमींना द्यायचा रक्तद्रव (प्लाझ्मा) गोठायचा, मॉर्फिनच्या नळ्या वैद्यकीय सैनिक तोंडात धरून वितळवायचे. हे वाचल्यावर नकाशावरच्या बाणाकडे मला पूर्वीसारखं बघता आलं नाही.

नकाशा मात्र शेजारी हवाच. इथल्या जलाशयाचं चांगजिन हे कोरियन नाव. तेव्हाचे नकाशे जपानी नकाशांवरून केलेले, म्हणून सगळीकडे ‘चोसिन’. टेकड्यांना उंचीचे मीटर हेच नाव: १२८२, १२४०. नुसत्या आकड्यावर विसंबू नका, जवळचं गाव जुळवून बघा.

तारखांनी मला फार छळलं. युद्ध सुरू झालं २५ जूनच्या पहाटे, पण वॉशिंग्टनमध्ये तेव्हा २४ जूनची दुपार होती. तिथली तार आणि कोरियातली नोंद शेजारी ठेवताना हा फरक विसरलो आणि एक पूर्ण प्रकरण पुन्हा लिहिलं. प्रत्येक नोंदीपुढे कुठली वेळ ते पहिल्याच दिवशी लिहा. आणि खालच्या बटालियनची नोंदवही आधी वाचा, तिच्या वरच्या डिव्हिजनचा अहवाल नंतर. वर जाता जाता तास गळतात, माणसंही गळतात.

भारतीय धागा हवा असेल तर लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही भारतीय लष्कराची वैद्यकीय तुकडी घ्या. डिसेंबर १९५०मध्ये प्याँगयाँग सोडताना या तुकडीने औषधं, सामान मागे टाकायला नकार दिला, एक वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि गाडी स्वतः दक्षिणेला नेली. मराठीत यावर सविस्तर काम करायला भरपूर वाव आहे.