गेमचे सेव्ह जपायला कमी पसाऱ्याचं सॉफ्टवेअर

सेव्हच्या, म्हणजे गेममधली प्रगती साठवणाऱ्या फाइलींच्या, बॅकअपची खरी गरज पडते ती विंडोज नव्याने टाकल्यावर. त्या कोऱ्या मशीनवर बॅकअपचं सॉफ्टवेअरच आधी डॉटनेट, जावा आणि लॉगिन मागत बसलं तर उपयोग काय? म्हणून लुडुसावी हे सेव्हचा बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर घ्या. ते मुक्तस्रोत आहे, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. कोणता गेम सेव्ह कुठे ठेवतो, ही माहिती ते पीसीगेमिंगविकी या गेमच्या माहितीच्या साइटवरून घेतं.

लुडुसावीची झिप उघडून एक्झी फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. तिच्याच शेजारी 'लुडुसावी.पोर्टेबल' (ludusavi.portable) या नावाची रिकामी फाइल इंग्रजी अक्षरांत बनवा, म्हणजे सेटिंगही तिथेच राहतील. स्टीम या गेमच्या दुकानाची लायब्ररी, म्हणजे गेमचं फोल्डर, डी ड्राइव्हवर असेल तर ती लुडुसावीच्या 'रूट्स' या फोल्डरांच्या यादीत आहे ना, ते बघा. आधी प्रिव्ह्यू, मग बॅकअप.

मूळ सेटिंगमध्ये एकच पूर्ण बॅकअप राहतो. हे बदलाच. सेव्ह बिघडलेला असताना बॅकअप घेतला तर चांगली प्रत पुसली जाते. निदान तीन पूर्ण प्रती ठेवा.

घोळ होतो तो रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधले सेव्ह परत जागेवर ठेवताना. नव्या विंडोजवर यूझरचं नाव बदललं असेल तर फाइली जुन्याच नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. लुडुसावीच्या 'रिडायरेक्ट' या सेटिंगमध्ये जुना यूझर फोल्डर आणि नवा यूझर फोल्डर, दोन्हींचे पूर्ण पत्ते भरा. एल्डन रिंगसारख्या गेमचा सेव्ह मात्र स्टीम खात्याला बांधलेला असतो. खातंच वेगळं असेल तर नुसत्या रिडायरेक्टने तो उघडणार नाही.

दुसरी अडचण स्टीम क्लाउडची, म्हणजे स्टीम स्वतः इंटरनेटवर ठेवतं त्या सेव्हच्या प्रतीची. रिस्टोअर करण्याआधी त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन क्लाउड बंद करा. नाहीतर क्लाउडवरची प्रत तुम्ही आणलेल्या सेव्हवर चढू शकते. गेम उघडून सेव्ह लोड करून बघा, मगच क्लाउड चालू करा. दोन प्रतींतली कोणती ठेवायची असं स्टीमने विचारलं तर तारीख वाचून मशीनवरची निवडा. घाईत क्लिक करू नका, इथेच शंभर तासांचा खेळ जातो.

साध्या, म्हणजे झिप नसलेल्या बॅकअपचा एक फायदा आहे. फाइली जशाच्या तशा फोल्डरमध्ये असतात आणि कोणती फाइल मुळात कुठली, ते शेजारच्या मॅपिंग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर नसलं तरी हाताने कॉपी करता येतं.