२५ मिनिटांचा टायमर लावूनही अभ्यास होत नाही? या चुका टाळा

साताऱ्यात राजवाड्याजवळ मी अभ्यासिका चालवते. बहुतेक मुलं-मुली एमपीएससीची तयारी करणारी, बरीचशी कोरेगाव, जावळी, पाटणकडच्या गावांतून आलेली. बरेच जण पोमोदोरो पद्धतीने अभ्यास करतात, म्हणजे टायमर लावून २५-२५ मिनिटांची सेशन. परवा त्यातली एक रडवेली होऊन म्हणाली, "ताई, आज चौदा सेशन झाली, पण डोक्यात काहीच राहिलं नाही."

तिची वही मागितली. दर सेशनपुढे लिहिलं होतं: इतिहास, इतिहास, भूगोल, इतिहास. चूक तिथेच होती, आणि हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. "इतिहास" हा विषय झाला, काम नव्हे. २५ मिनिटांत इतिहास संपत नाही, त्यामुळे मन कुठेच टेकत नाही. त्याऐवजी असं लिहा: "साताऱ्याचं प्रतिसरकार, १९४३ ते १९४६. तूफान सेना आणि गावातला न्यायनिवाडा यांवर पुस्तक मिटून पाच मुद्दे." आता घंटा वाजली की काम झालं की नाही हे तुमचं तुम्हालाच कळतं. टायमर सुरू करण्याआधी हे एक वाक्य लिहायला मिनिटभर लागतं. तेवढं मिनिट वाचवायला जाऊ नका.

ही पद्धत काढली फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन माणसाने, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, तो स्वतः विद्यार्थी असताना. त्याच्याकडे स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर होता. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, त्यावरून पद्धतीला हे नाव पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी.

त्याचा टायमर हाताने पिळायचा होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण तो मोबाईलवर लावतो. वेळ बघायला स्क्रीन उघडली की वर तीन मेसेज दिसतात आणि बोट तिकडे वळतं. साधं टेबलावरचं घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर घ्या, फोन बॅगेत घालून बॅग लांब ठेवा. अभ्यासिकेत घंटेने इतरांना त्रास होतो, म्हणून आमच्याकडे समोर घड्याळ ठेवून वेळ कागदावर मांडतात. तेही चालतं.

विश्रांतीत रील बघणं ही दुसरी मोठी चूक. डोळे तिथेच, मान तशीच वाकलेली, वर डोक्यात दहा नवे विषय शिरलेले. एका कामावरून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा थोडा भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये मांडलं. पाच मिनिटांच्या रीलची किंमत पुढच्या सेशनची सुरुवात मोजते. त्यापेक्षा उठा, पाणी प्या, गच्चीवर जाऊन अजिंक्यताऱ्याकडे बघून या. लांबवर बघितलं की डोळ्यांवरचा ताण उतरतो.

मध्येच काही आठवलं, म्हणजे फॉर्मची शेवटची तारीख किंवा खोलीचं भाडं, तर कागदाच्या कडेला एक शब्द लिहून पुढे चला. घरून फोन येतो, तो टाळताही येत नाही. "आई, वीस मिनिटांत करते" एवढं आधीच सांगून ठेवलेलं बरं. खरंच उठावं लागलं तर ते सेशन मोजू नका, नव्याने सुरू करा. सिरिलोचाही नियम तोच: अर्धं पोमोदोरो नसतं.

"लय लागलेली असते आणि घंटा होते, मग?" चालू वाक्य पूर्ण करा, पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहा आणि उठा. परतल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. गणितं सोडवताना मात्र २५ मिनिटं तोकडी पडतात, तिथे ५० आणि १० ठेवा. ज्याचं मन अजिबात बसत नाही त्याने आठवडाभर १५ मिनिटांपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. दुपारी जेवल्यावर पेंग येत असेल तर वाचन नको, लिहिण्याचं काम घ्या.

एक चूक फार उशिरा लक्षात येते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा प्रत्येक पेपर सलग दोन तासांचा असतो. वर्षभर २५ मिनिटांनी उठायची सवय लावलेली मुलं तिथे तासाभरातच चुळबुळ करू लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून परीक्षेआधीचे दोन महिने सेशन हळूहळू वाढवत न्या: ४०, ६०, ९० मिनिटं. आमच्याकडे दर रविवारी दोन तासांचा पूर्ण पेपर असतो. त्या वेळी सगळ्यांचे टायमर मी कपाटात ठेवते आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू असतं.