थराचा टोस्ट गिळगिळीत होतो, घसरतो, करपतो? या चुका टाळा

टोस्ट बिघडला की पहिला आळ ब्रेडवर येतो. "दुकानातला पुडा परवाचा होता, म्हणून असा झाला," असं म्हणून मोकळे. खरं तर थराच्या टोस्टला परवाचा ब्रेड ताज्यापेक्षा बरा. दोष असतो पाण्याचा. चून (म्हणजे पिठलं) सैल, टमाटर रसाळ, कांद्याला तासभर आधी मीठ लावून ठेवलेलं आणि वरून झाकण. मग ब्रेडने तरी काय करावं? खाली चटणी, मधे चून नाहीतर आलू, वर अंडं किंवा पनीर असा दुपारपर्यंत पोटाला आधार देणारा टोस्ट करायचा असेल, तर ओल कुठून येते आणि कुठे जाते एवढ्यावर नजर ठेवा. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

ब्रेड तव्यावर टाकला की आधी त्याच्या अंगातलं पाणी उडतं. ते आहे तोवर ब्रेडचा पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो. तांबूस रंग आणि खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून ओलसर ब्रेड आधी वाफेत शिजतो आणि मग कुठे भाजायला लागतो. आपण घाई करून आच वाढवतो, तेव्हा बाहेर काळा डाग पडतो आणि आत ब्रेड ओलसरच राहतो.

ब्रेड: ताजा, शिळा आणि फेकायचा

तालुक्याच्या बेकरीतून सकाळच्या गाडीने आलेला गरम-गरम पुडा टोस्टला लगेच घेऊ नका. तो इतका मऊ असतो की चटणी लावतानाच फाटतो. ताजाच वापरायचा असेल तर स्लाइस सुपात पसरून पंधरा-वीस मिनिटं वाऱ्यावर ठेवा, वरून पातळ फडकं टाका म्हणजे माशा बसणार नाहीत. शिळा ब्रेड कडक लागतो तो त्यातलं स्टार्च पुन्हा घट्ट बसल्यामुळे. फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया सगळ्यात जलद होते, म्हणून फ्रिजमधला ब्रेड नुसता खायला वाईट. पण ६० अंशांच्या वर गरम झाला की तो पुन्हा नरमतो, त्यामुळे टोस्टसाठी फ्रिजमधला ब्रेड खुशाल चालतो.

पावसाळ्यात मात्र पुडा उजेडात धरून बघा. एका स्लाइसवर हिरवा ठिपका दिसला तर तेवढा तुकडा खुडून बाकीचा वापरायचा ही सवय सोडा. ब्रेडसारख्या मऊ पदार्थात बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा कितीतरी आत गेलेले असतात. अख्खा पुडा टाका. वीस-तीस रुपये वाचवून पोट बिघडवण्यात काय शहाणपण?

पुड्यातली स्लाइस बारीक असते, तिच्या एकटीच्या जिवावर तीन थर उभे राहत नाहीत. एकतर खाली-वर दोन स्लाइस घ्या, नाहीतर बेकरीवाल्याला न कापलेला ब्रेड द्यायला सांगा आणि घरी बोटभर जाड कापा. लादी पाव घ्याल तर आडवा चिरून फक्त आतली बाजू भाजा, पाठ तशीच मऊ राहू द्या. आणि ब्रेड मिळालाच नाही तर रात्रीची ज्वारीची भाकर मंद आचेवर थेंबभर तेलात कडक करून घ्या. माझं मत विचाराल तर चुनाला भाकरच शोभते. पण घरातल्या पोरांना ब्रेड हवा असतो, तिथे आपलं चालत नाही.

तवा, चूल आणि आच

तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडा. चुर्र करून लगेच आटले तर तवा बरोबर आहे. थेंब गोळ्या होऊन तव्यावर पळायला लागले तर तो ब्रेडसाठी फार तापलाय, खाली उतरवून थोडा थांबा. चुलीवर करणाऱ्यांची अडचण वेगळी. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, जाळ भडकतो आणि तितक्याच लवकर बसतो. त्या भडक्यात टोस्ट टाकला की पापणी लवेपर्यंत काळा. जाळ होऊन जाऊ द्या, खाली इंगळ (निखारे) राहिले की त्यावर तवा ठेवा आणि मग सावकाश भाजा. तुराटीचंही (तुरीच्या काड्यांचंही) तसंच.

विजेच्या टोस्टरवर आमच्याकडे फार भिस्त ठेवू नये. वीज जाते हा एक भाग झाला, पण दाब कमी असला की टोस्टर नीट तापत नाही, ब्रेड भाजण्याऐवजी नुसता वाळतो आणि खाताना भुसा लागतो. गॅसवर धरायचा दांडीचा टोस्टर असेल तर दोन गोष्टी पाळा: भरण कडेपर्यंत नेऊ नका, बोटभर काठ रिकामा सोडा; आणि शेवटचं अर्धं मिनिट तो उघडा धरा, कारण बंद टोस्टरमध्ये वाफेला जायला जागाच नसते.

तव्यावर घरचं लोणी टाकू नका. त्यात ताकाचा अंश असतो, तो आधी तडतडतो आणि मग जळून काळे कण ब्रेडला चिकटतात. भाजायला तूप नाहीतर फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, तेही चमचाभरच. लोण्याचं काम पुढे आहे.

थर कोणत्या क्रमाने

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ब्रेडवर थेट टमाटर ठेवणं, ब्रेडवर थेट दही लावणं, ब्रेडवर थेट गरम चून ओतणं. तिन्हींत ब्रेड आणि पाणी यांच्यामधे काहीच नसतं. पाणी अडवायला स्निग्ध थर लागतो. भाजलेला ब्रेड तव्यावरून उतरवा, मिनिटभर वाफ जाऊ द्या, मग त्याच्या एका अंगाला लोणी पार कडेपर्यंत पातळ लावा. त्यावर जवसाची सुकी चटणी भुरभुरवा आणि हलक्या हाताने दाबा. लोणी पाणी अडवतं आणि जी थोडी ओल येते ती चटणी पिते.

जवसाची चटणी मात्र थोडी-थोडीच कुटा. दळलेल्या जवसाचं तेल हवेला लवकर खवट होतं. महिन्याचा डबा एकदम भरून ठेवला की शेवटी-शेवटी चटणीला जुन्या रंगाचा वास येतो, आणि तो टोस्टभर पसरतो. भाजताना तडतडणं मंदावलं की लगेच उतरवा.

चटणीवर जड थर: चून, आलू, बरबटीची (चवळीची) घोटलेली उसळ, हिवाळ्यात तुरीचे सोले (ओले दाणे). त्यावर अंडं किंवा पनीर. कांदा, टमाटर, सांबार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू हे सगळं अगदी वर आणि अगदी शेवटी, ताट समोर आल्यावर. कांद्या-टमाटरवर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं. दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी पाणी दिसतं. ते पाणी टोस्टमध्ये जायला नको असेल तर मीठ खाली चुनात घाला, कांद्याला लावू नका. टमाटरचा बियांचा गर काढून टाका आणि फोडी फडक्यावर पाच मिनिटं पसरा. दही आवडत असेल तर ते फडक्यात टांगून चक्का करून घ्या.

आणि तर्री वरून ओतायची हौस आवरा. पोह्यांवर ती शोभते, कारण पोहे ती पितात आणि तरी दाणा-दाणा राहतात. टोस्टची मात्र लापशी होते. हवीच असेल तर बाजूला वाटीत घ्या, बुडवून खा.

चून सैल, आलू चिकट, भरीत पाणचट

थराच्या टोस्टचं चून भाकरीबरोबरच्या चुनासारखं करून चालत नाही. एक वाटी बेसन आधी कोरडंच मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजा, कच्चट वास जाईपर्यंत. फोडणीत मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा आणि हळद. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद मिळाली तर चिमूटभरातच रंग येतो. कांदा परतला की सव्वा वाटी पाणी घालून उकळी आणा, फार तर दीड वाटी, त्याच्या पुढे नाही. बेसन एका हाताने भुरभुरवत दुसऱ्या हाताने सराटा (उलथणं) फिरवत राहा. गोळ्या झाल्याच तर घाबरू नका, सराट्याच्या पाठीने गंजाच्या (पातेल्याच्या) कडेला दाबून फोडा. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफ, मग झाकण काढून कडा सुटेपर्यंत परता.

झालं की नाही हे असं बघा. सराट्याच्या टोकाने चुनातून एक रेघ ओढा. दोन्ही कडा जागच्या जागी राहिल्या आणि तळ दिसत राहिला तर चून टोस्टला योग्य. रेघ हळूहळू भरून आली तर अजून दोन मिनिटं. आणि कितीही घाई असली तरी कोमट होऊ द्या. गरम चुनातून निघणारी वाफ लोण्याचा थरही वितळवते आणि ब्रेडही भिजवते.

आलू उकडताना साल ठेवा. सोलून, तुकडे करून उकडलेला आलू पाणी पितो आणि कुस्करल्यावर चिकट लगदा होतो. कुस्करून झाला की तव्यावर दोन मिनिटं कोरडाच परता. तुरीचे सोले खलबत्त्यात लसूण-मिरचीबरोबर भरड ठेचून तेलात पाणी आटेपर्यंत परतावे. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटले की मऊ चटणी होते, थर होत नाही. भरीत घेणार असाल तर भाजलेलं वांगं सोलून दहा मिनिटं चाळणीत ठेवा, खाली बरंच पाणी निथळतं. फोडणी त्यानंतर.

अंड्यात दूध घालून फुगवायची पद्धत बऱ्याच घरी आहे. टोस्टसाठी नको. दूध म्हणजे पुन्हा पाणीच, शिवाय मोठ्या आचेवर अंडं जास्त शिजलं की ते पाणी सोडून देतं. मध्यम आचेवर पातळ आमलेट करा, पिवळं नीट शिजू द्या, ब्रेडच्या मापाने घडी घाला. नासवलेल्या दुधाचं पनीर घरी केलं असेल तर फडक्यात बांधून अर्धा तास वरवंट्याखाली दाबा.

थर घसरतात तेव्हा

गुळगुळीतवर गुळगुळीत ठेवलं की घसरणारच. आमलेटवर टमाटरच्या गोल चकत्या, त्यावर काकडीच्या गोल चकत्या, आणि मग पहिल्या घासालाच सगळं मांडीवर. कांदा-सांबार आमलेटच्या आतच टाका. आमलेट गरम असतानाच चुनावर ठेवून सराट्याने हलकेच दाबा, ते चुनाला धरतं. टमाटर चकत्यांऐवजी बारीक चिरा. उंची तोंडात मावेल एवढीच ठेवा; फोटोतले उंच मनोरे काडी टोचून उभे केलेले असतात. कापायचं असेल तर मिनिटभर थांबून दातेरी सुरीने करवतीसारखं कापा. विळीवर दाबलं की भरण दुसऱ्या बाजूने निघतं.

मीठ आणि तिखट

चटणीत मीठ, चुनात मीठ, अंड्यात मीठ, बाजारच्या लोण्यात मीठ. प्रत्येक थर आपापल्या जागी बरोबर लागतो आणि एकत्र आला की खारट. नेहमीच्या अंदाजाच्या निम्मं घाला. तिखट एकाच थरात ठेवा. भिवापुरी मिरचीचा ठेचा असेल तर मग चुनात हिरवी मिरची नको, नाहीतर लहान मुलं वरचं अंडं खाऊन बाकीचं ताटात ठेवतात.

ताटात ठेवल्यावर काय होतं

तव्यावरून काढलेला कुरकुरीत टोस्ट स्टीलच्या ताटात ठेवा आणि मिनिटभराने उचलून बघा. ताटावर ब्रेडच्या आकाराचा ओला चौकोन दिसेल. वाफ थंड स्टीलला लागून पाणी होते आणि तेच पाणी खालची बाजू परत पिते. चार जणांचे टोस्ट एकावर एक रचून झाकून ठेवले तर सगळेच नरमतात. पापड भाजायच्या जाळीवर ठेवा, नाहीतर दोन-दोन टोस्ट एकमेकांना टेकवून उभे करा. सगळे जमल्यावरच थर लावा. ज्याचा त्याने लावून घेतला तर फारच उत्तम.

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात न्यायचा असेल तर लावलेला टोस्ट डब्यात भरू नका, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पोचेपर्यंत त्याचं काही राहत नाही. भाजलेला ब्रेड पूर्ण गार करून कोऱ्या कागदात गुंडाळा, चून वेगळ्या डब्यात, चटणी पुडीत, कांदा अख्खा न्या आणि तिथेच बुक्कीने फोडा. अंडं नेणार असाल तर उकडून, सालीसकट न्या आणि सकाळच्याच न्याहारीला संपवा. उन्हाळ्यात आलूचं भरण नेऊच नका. ४५ अंशांच्या दिवसांत रात्री उकडून बाहेर ठेवलेला आलू सकाळीच हाताला चिकट लागतो आणि आंबूस वास मारतो. तसा लागला तर परतून, तिखट घालून वाचवायच्या भानगडीत न पडता सरळ उकिरड्यावर टाका.