चाहत्यांवर प्रबंध लिहिताय? आधी तारखा लावा

कल्ट मालिका, म्हणजे मोजक्या पण कट्टर प्रेक्षकांनी जपलेल्या मालिका, आणि त्यांचे चाहते हा विषय मी प्रबंधासाठी घेतला, तेव्हा माझ्या मसुद्याचं पहिलंच वाक्य होतं, ‘चाहत्यांनी स्टार ट्रेक ही अमेरिकी अंतराळ-मालिका वाचवली.’ माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘कशी?’ त्या एका शब्दाने माझं पुढचं दीड वर्ष खाल्लं.

ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली, बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली आणि मार्च १९६८ मध्ये ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीने भाग संपताच पडद्यावरून जाहीर केलं की मालिका चालू राहणार. पत्रं किती आली? कुणी दहा लाख सांगतं, कुणी एक लाख सोळा हजार, तर आतल्या गोटातून आलेला एक आकडा जेमतेम बारा हजारांचा आहे. त्या आकड्यामागे मी कित्येक आठवडे घालवले, तुम्ही घालवू नका. महत्त्वाचं घडलं ते पुढे. तिसरा हंगाम शुक्रवारी रात्री दहाला टाकला गेला, म्हणजे तरुण प्रेक्षक घरात नसण्याची वेळ, आणि १९६९ मध्ये मालिका संपलीच. पण त्या हंगामामुळे एकूण भाग ७९ झाले. स्थानिक केंद्रांना रोज एक भाग दाखवायला पुरेल एवढा साठा हाती आला. सत्तरच्या दशकात ही मालिका घरोघरी पोचली ती या पुनःप्रक्षेपणांतून. मॅडमच्या ‘कशी?’चं उत्तर मला इथे सापडलं.

इंटरनेट आल्यावर पत्र आणि उत्तर यांतलं अंतर मिटलं. बॅबिलॉन ५ या अंतराळ-मालिकेचे कर्ते जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, स्वतः चाहत्यांशी बोलत. ते जुने संदेश जरूर वाचा. आधीच्या माणसाची ओळ कोनी खूण (>) लावून उतरवायची आणि तिच्याखाली आपलं उत्तर, अशी तिथली रीत. चार-पाच खुणा चढल्या की मूळ वाक्य कोणाचं हेच कळेनासं होतं. अशाच गप्पांत एका चाहत्याने सहज विचारलं, स्मृती पुसलेल्या गुन्हेगाराला आपला गुन्हा पुन्हा कळला तर? नेमकी तशीच कथा स्ट्रॅझिन्स्कींच्या हातात होती. उद्या कोणी कल्पना चोरल्याचा दावा केला तर काय, म्हणून ती बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्याने लेखी मोकळीक दिली तेव्हा कुठे तो भाग बनला आणि १९९५ मध्ये दिसला. चाहत्यांच्या प्रभावाचा मला मिळालेला सगळ्यात पक्का पुरावा हाच. एका साध्या प्रश्नाने एक पटकथा अडली.

उलट बाजूला जेरिको ही अमेरिकी मालिका. ती बंद झाली तेव्हा, २००७ मध्ये, चाहत्यांनी शेवटच्या भागातल्या ‘नट्स!’ या उद्गाराची आठवण म्हणून सीबीएस वाहिनीला सुमारे २० टन शेंगदाणे पाठवले आणि सात भागांचा दुसरा हंगाम मिळवला. पण पुन्हा बंदच झाली, कारण वाहिनी जाहिरातदारांना मोजलेला प्रेक्षक विकते आणि तो वाढला नाही. आवाज करणारे किती आणि पाहणारे किती, हे दोन आकडे कधी एकत्र करू नका.

आता तुमच्यासाठी. मालिका एकच घ्या, तीही एखाद-दोन महिन्यांपुरती. भाग आधी पाहा आणि मग प्रक्षेपणाच्या रात्रीच्याच प्रतिक्रिया वाचा. वीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतींत सगळेच म्हणतात, ‘आम्हाला माहीत होतं.’ शिपर (दोन पात्रांची जोडी जुळावी असं वाटणारा), कॅनन (मालिकेतलं अधिकृत कथानक), स्पॉयलर (पुढचं आधीच फोडणं) हे शब्द चाहते कसे वापरतात ते आधी ऐका, व्याख्या नंतर करा. साध्या माणसांची नावं किंवा टोपणनावं प्रबंधात घालू नका. त्यांनी ते आपल्या माणसांसाठी लिहिलं होतं, आपल्यासाठी नाही. आणि तुम्ही स्वतः चाहते असाल तर पहिल्याच पानावर सांगून टाका. चाहत्यांचे अभ्यासक हेन्री जेनकिन्स यांनी १९९२ मध्येच ही भूमिका उघडपणे घेतली होती, त्यामुळे संकोच वाटायचं कारण नाही.

जे वाचाल ते त्याच क्षणी तारखेसकट जतन करा. माझ्या तिसऱ्या प्रकरणातले निम्मे दुवे प्रबंध देईपर्यंत मेले होते. बीबीसीने पुसून टाकलेल्या डॉक्टर हू या मालिकेच्या भागांचे निदान आवाज तरी आज ऐकू येतात, ते साठच्या दशकात घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या चाहत्यांमुळे.