जर्मनीत बाळ होणार आहे, तर काय काय करून ठेवायचं

टेस्टवर दोन रेघा दिसल्या की आईला फोन करण्याआधी हेबामे, म्हणजे इथली सुईण, शोधायला बसायचं. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण जर्मनीतल्या मोठ्या शहरात हेबामे मिळणं म्हणजे ऐन लग्नसराईत पुण्यात कार्यालय मिळण्यासारखं आहे. मी आठव्या आठवड्यात फोन लावायला सुरुवात केली, आणि पहिल्या अकरा जणींनी "तो महिना भरला" असं गोड आवाजात सांगितलं. आपल्याकडे पहिले तीन महिने कुणाला कळू द्यायचं नाही आणि बाळाचं अंगडंसुद्धा आधी आणून ठेवायचं नाही. इथे पोटातलं बाळ लिंबाएवढं व्हायच्या आत पाच ठिकाणी नोंदवलेलं असावं लागतं. या दोन रीतींमध्ये मी नऊ महिने लोंबकळले. त्यातून ही यादी झाली.

हेबामे म्हणजे सुईण खरी, पण आपल्या आजीच्या गोष्टीतली नव्हे. २०२० पासून या कामाला इथे पदवी लागते. प्रत्येक बाळंतपणाला हेबामे हजर हवीच असा कायदा आहे, आणि अडचण नसेल तर ती डॉक्टरशिवाय बाळंतपण पार पाडते. दवाखान्यातली हेबामे मात्र त्या दिवशी ज्या पाळीला जी असेल ती. आपण जी शोधायची ती घरी येणारी. बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते आणि पुढे १२ आठवड्यांपर्यंत अधूनमधून. नाळ, टाके, दूध, बाळाचं वजन, आणि चौथ्या दिवशी विनाकारण येणारं तुमचं रडू, हे सगळं तिच्या कामात बसतं. खर्च विमा करतो. या काळाला जर्मनमध्ये वोखेनबेट म्हणतात, अक्षरशः आठवड्यांचा बिछाना. माझ्या सासूबाईंना हा शब्द समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सव्वा महिना की गं!"

त्याच आठवड्यात फ्राउएनआर्त्स्ट, म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ. तिच्याकडून मुटरपास नावाची छोटी वही मिळते. ती पुढे पर्समधून बाहेर काढायची नाही, भाजी आणायला जातानासुद्धा नाही. तपासणी ३२व्या आठवड्यापर्यंत चार-चार आठवड्यांनी, नंतर दोन-दोन आठवड्यांनी. विम्यातून ठरलेल्या सोनोग्राफी फक्त तीन. भारतातल्या मैत्रिणी हे ऐकून घाबरतात आणि आपल्यालाही घाबरवतात. मनावर घ्यायचं नाही. मुलगा की मुलगी हे मात्र इथे सांगतात, पण गर्भधारणेला १२ आठवडे होईपर्यंत डॉक्टरने सांगायचं नाही असा इथलाही कायदा आहे. गावाकडून "काय सांगितलं?" असं दबक्या आवाजात विचारणारे फोन येतील. त्यांना काय सांगायचं ते नवरा-बायकोने आधी ठरवून ठेवा.

आता पैसे. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे उशीर महागात पडतो. मुटरशुत्स म्हणजे बाळंतपणाची कायदेशीर रजा: तारखेआधी ६ आठवडे, नंतर ८, जुळं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर १२. त्या काळात सरकारी विमा दिवसाला जास्तीत जास्त १३ युरो देतो आणि उरलेला पगार कंपनी भरते. त्यानंतरचं एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी घरी राहणाऱ्या आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता, आधीच्या हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६५ ते ६७ टक्के, महिना कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. आता मेख अशी की हातात येणारा पगार करवर्गावर ठरतो. आपल्यात बहुतेक वेळा नवरा तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात, म्हणजे हातात कमी येणाऱ्या वर्गात, असते, कारण कुणीतरी पहिल्या वर्षी तसा सल्ला दिलेला असतो. आईचा वर्ग बदलायचा असेल तर मुटरशुत्स सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी बदललेला असावा लागतो. हिशोब करून पाहा: दोन रेघा दिसल्यानंतर हातात जेमतेम काही दिवस उरतात. म्हणून हेबामेच्या फोनांमधल्या फावल्या वेळात हा अर्ज. बाबांनी एल्टर्नत्साइटची, म्हणजे बाळाला सांभाळायची, रजा मालकाला ७ आठवडे आधी कळवायची. १ मे २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी त्याला ई-मेल चालतो, आधी सहीचा कागदच लागायचा. आणि पहिल्या वर्षात आईबाबा दोघांनी एकदम एल्टर्नगेल्ड घेणं आता साधारणपणे एकच महिना जमतं. तो महिना कुठला ठेवायचा ते भारतातून येणाऱ्या तुमच्या आईच्या व्हिसाशी जोडून बघायचं. त्याकडे येतेच.

त्याआधी कागद. माझं ऐकाल तर पाळणा, गाडी, कपडे सगळं विसरा आणि चौथ्या महिन्यात कागद काढून टेबलावर मांडा. बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्मनोंदणी कार्यालयाला, कळवावं लागतं. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, तिला कागदपत्रं लागत नाहीत. श्टांडेसआम्टला दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला लागतो, मूळ प्रत आणि शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचं जर्मन भाषांतर. मराठीचे असे भाषांतरकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून महापालिकेकडून मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा दाखला काढून घ्यायचा. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं "स्त्री" लिहिलेलं. नाव चढवायला भावाने चार खेपा घातल्या. लग्नात नाव बदललेलं असेल, आडनावात एका कागदावर व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू असेल, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर असेल, तर ते आत्ताच निस्तरायचं. इथला अधिकारी अक्षर न् अक्षर जुळवतो, आणि "साहेब, तीच बाई आहे हो" याला जर्मनमध्ये वाक्य नाही.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून लागणारा शिक्का, करून घ्या असं कुणी सांगितलं तर थांबा. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपलं अपोस्टिल इथे चालत नाही. त्याऐवजी श्टांडेसआम्ट जर्मन वकिलातीमार्फत भारतात कागदांची पडताळणी मागू शकतं. त्याला महिने लागतात आणि खर्च आपला. काही कार्यालयं ती मागतात, काही भाषांतरावर भागवतात. तुमच्या गावचं कार्यालय कुठल्या जातीचं ते पोट दिसायच्या आत जाऊन विचारून यायचं. पडताळणी अर्धवट असताना बाळ आलं तर जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळतो. त्यावर आईबापांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असतो. वाचून पोटात खड्डा पडतो, पण त्यावर पुढची कामं होतात.

आणि नाव! बारसं बाराव्या दिवशी, आत्या कानात कुर्र करणार, तोवर नाव गुपित. दवाखान्यातून सुटतानाच इथे फॉर्म पुढे येतो. नाव नंतर कळवायला साधारण महिन्याची मुभा असते, पण तोवर दाखला अडतो आणि दाखल्यावर बाकी सगळं अडतं. आम्ही नाव कागदावर आधी दिलं आणि बारशाला ते सगळ्यांना नव्याने कळल्यासारखं केलं. आत्याला आजतागायत माहीत नाही. मधलं नाव वडिलांचं लावायचं असेल तर ते इथे दुसरं पहिलं नाव म्हणून चढतं. मुलीच्या नावात पुरुषाचं नाव कसं, असा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा ही चाल काय आहे ते दोन वाक्यांत सांगायची तयारी ठेवा. किरण हे नाव मनात असेल तर निर्धास्त राहा. एका मुलीचं हेच नाव नोंदवायला नकार मिळाला होता, ते प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयात गेलं आणि २००८ मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. जुईची इथे युई होते, ते चालवून घ्यावं लागतं. अर्श ठेवणार असाल तर आधी एखाद्या जर्मन मित्राला ते मोठ्याने म्हणायला लावा आणि त्याचा चेहरा बघा.

आईचा व्हिसा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, त्यात आल्याचा आणि गेल्याचा दिवसही मोजतात. तुमच्याकडून खर्चाची हमी द्यायची असेल तर फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन करायची. तिथली भेटीची वेळ मिळायलाच दोन महिने जातात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. आता माझं मत, जे कुठल्याही मराठी आईला पटत नाही: तारखेआधी बोलावू नका. पहिलटकरणीचं बाळ बरेचदा तारीख उलटून येतं, आणि आईचे मोलाचे पंधरा दिवस तुमच्या पोटाकडे बघण्यात जातात. पहिल्या आठवड्यांत हेबामे रोज येते आणि नवरा रजेवर असतो, तेव्हा घरात माणसं जास्तच असतात. तो कामावर परतला की खरी गरज लागते. आधी आई, मग सासूबाई, अशी दोन पाळ्यांची सोय झाली तर सोन्याहून पिवळं.

आई आली की बॅगेतून काय आणायचं? डिंक, खारीक, सुंठ, वावडिंग, बाळंतशोपा. तुपाचे लाडू, पेढे नकोत, युरोपात भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप इथेच बिनमिठाचं लोणी कढवून उत्तम होतं. हळीव आणायची तर गरजच नाही: इथे ते क्रेसे म्हणून मिळतं, जर्मन लोक खिडकीत कापसावर उगवून ब्रेडवर कातरून घालतात. फक्त पेरायचं बी नको, ते औषध लावलेलं असू शकतं, खायचं बघून घ्या. हेबामेने मला बडीशेप-ओव्याच्या पाण्यासारखाच एक चहा लिहून दिला, बडीशेप, अ‍ॅनिस आणि क्युमेल म्हणजे शहाजिऱ्याच्या भावाचा. आई तो वास घेऊन म्हणाली, "एवढं तर मलाही येतं." दोघींची तिथे मैत्री झाली. काजळ, घुटीतला मध आणि धुरी यांवर मात्र झाली नाही, आणि मी हेबामेच्या बाजूने होते. मध वर्षाच्या आत बाळाला धोक्याचाच. धुरीचं म्हणाल तर जर्मन घरात झोपायच्या खोलीत धूर ओळखणारी घंटा असते. आईने एकदा ओव्याची धुरी दिली आणि शेजारचे आजोबा अंडरशर्टवर जिन्यात आले.

दवाखाना ३०व्या आठवड्याच्या आसपास बघून नाव नोंदवायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून पीडीएच्या, म्हणजे पाठीतल्या इंजेक्शनच्या, कागदांवर सही करून ठेवायची. कळा चालू असताना जर्मन वाचता येत नाही, मराठीही येत नाही. चार शब्द दोघांनी पाठ करा: वेएन म्हणजे कळा, फ्रुख्टब्लाझे म्हणजे पाण्याची पिशवी, प्रेसेन म्हणजे जोर लावणं, काइझरश्निट म्हणजे सिझेरियन. बॅगेत मुटरपास, सगळ्या कागदांच्या मूळ प्रती, आणि खाऊ. दवाखान्यात रात्रीचं जेवण संध्याकाळीच, थंड: ब्रेड, चीज, काकडीचं लोणचं. बाळंतिणीला थंड! नवऱ्याला थर्मासमधून मऊ भात आणायला सांगून ठेवा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. नवजात बाळाला आपण जुनंच घालतो ना, मग इथल्या किंडरफ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे मुलांच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, ५६ आणि ६२ मापाचं ढीगभर मिळतं. नवीन घ्यायची ती फक्त कारमधली बाळाची खुर्ची.

बाळाचा डॉक्टर पोटात असतानाच ठरवायचा, तिथेही दारं बंद असतात. बाळाच्या ठरलेल्या तपासण्यांपैकी यू-१ आणि यू-२ बहुधा दवाखान्यातच होतात, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यातली यू-३ त्याच्याकडे. बीसीजी इथे देत नाहीत, त्यावरून भारतातल्या काकूंशी वाद घालू नका. पाळणाघराची, म्हणजे कीटाची, नोंदणीही बाळ व्हायच्या आधी. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा हक्क २०१३ पासून आहे, जागा असतेच असं नाही.

बाळ आल्यावरचं थोडक्यात. विम्यात नाव घालायचं, खासगी विमा असेल तर दोन महिन्यांच्या आत. एल्टर्नगेल्ड मागचं तीनच महिन्यांचं मिळतं, किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा महिन्याचा सरकारी भत्ता, सहा महिन्यांचं. दोघांपैकी एक जण पाच वर्षं कायदेशीर राहत असेल आणि कायमचा परवाना असेल तर बाळ जन्मतः जर्मन, त्याला ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड. नाहीतर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्म नोंदवून पासपोर्ट, बर्लिन, फ्रँकफुर्ट, म्युनिक किंवा हॅम्बुर्ग, तुमचं राज्य ज्याच्याकडे येतं तिथे. आणि इथल्या वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत. जन्मदाखला घेतानाच अनेक भाषांमधली आंतरराष्ट्रीय प्रतही मागून घ्या.

एक राहिलं. खाली पत्रपेटीवर आडनाव दाखल्यावर आहे तसंच लिहिलंय का ते बघून घ्या. काही आठवड्यांत बाळाचा करक्रमांक पोस्टाने येतो, किंडरगेल्डच्या अर्जात तो लागतो. आमचं पत्र पेटीवर नवऱ्याचं एकट्याचं नाव म्हणून परत गेलं होतं.