काडी लागत नाही? सोलापुरात कटिंग लावताना या चुका टाळा

मृगाची पहिली सर पडली की जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत काड्यांची देवाणघेवाण सुरू होते. शेजारच्या कंपाउंडवरची डबल जास्वंद, माहेरहून आणलेला मोगरा, कुणाच्या गच्चीवरची केशरी बोगनवेल. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्याच काड्या वाळतात नाहीतर सडतात आणि ‘माझ्या हाताला झाडच लागत नाही’ म्हणून विषय संपतो. हाताचा यात काही दोष नसतो. काडीला अजून मूळच नाही, ही साधी गोष्ट आपण विसरतो आणि मूळ असलेल्या झाडासारखी तिची उस्तवार करायला जातो.

जूनमध्ये घाई करू नका

पाऊस आला की काड्या लावा, हा सल्ला कोकणात बरोबर आहे. तिकडे एकदा पाऊस लागला की हवाच ओली होते. आपण पर्जन्यछायेत. इथे जूनमध्ये एक सर येते आणि मग आठवडाभर कोरडा वारा सुटतो. आपला जोराचा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून जास्वंद, मोगरा, तगर, एक्झोरा यांच्या काड्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर धरा. गुलाब आणि बोगनवेल थंडीतही लागतात, त्यांना जानेवारीतली गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वर यात्रा) उठल्यावर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वेळ असतो. त्यानंतर मोह आवरा. मूळ फुटेपर्यंत पारा चाळिशी गाठतो आणि मेमध्ये तर 42-43 अंशांत मोठी झाडंही माना टाकतात.

उन्हाच्या भीतीने पाणी ओतणे

सर्वांत जास्त काड्या या चुकीने जातात. ऊन आहे, वारा आहे, मग सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घाला, असं आपल्याला वाटतं. पण काडीचं पाणी पानांतून उडतं आणि ते भरून काढायला खाली मूळ नसतं. कुंडीत कितीही पाणी ओतलं तरी पानापर्यंत फारसं पोहोचत नाही. बुडाशी मात्र चिखल होतो, हवा खेळत नाही आणि काडी कुजते. काडीला हवी असते दमट हवा आणि जेमतेम ओलसर माध्यम, म्हणजे ती रोवायची वाळू-माती.

त्यासाठी खालची पानं काढून टाका, वर दोन-तीनच ठेवा आणि मोठी असतील तर कात्रीने अर्धी कापा. कुंडीवर पारदर्शक पिशवी उलटी घाला, आत दोन काटक्या रोवल्या की ती पानांना चिकटत नाही. एक-दोन दिवसांआड पिशवी थोडा वेळ उघडा. झाकलेली कुंडी उन्हात मात्र कधीच नको, आतल्या आत पानं शिजतात. पूर्वेच्या गॅलरीतला उजेड किंवा मोठ्या झाडाची सावली पुरते. माध्यमात बोट घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी बंद.

पाण्याचा प्रकारही बघावा लागतो. नळ रोज येत नाही, तेव्हा बागेला बोअरचंच पाणी जातं. त्यातले क्षार साचून कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. काड्यांपुरतं तरी नळाचं किंवा पावसाचं पाणी बादलीत राखून ठेवा.

काळी माती आणि बांधकामावरची वाळू

काळी माती ज्वारीला सोनं आहे, काडीला नाही. ओली असताना ती गच्च बसते आणि वाळली की भेगाळते. नुसती जाड वाळू, किंवा वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं, एवढं पुरे. हल्ली बांधकामावर नदीची वाळू क्वचितच दिसते, असते ती दगड भरडून केलेली. तिच्यातली बारीक भुकटी सिमेंटसारखी घट्ट बसते, म्हणून आधी चाळून दोन-तीनदा धुऊन घ्या. कोकोपीटही भिजवून, पिळून पाणी बदला, त्यात मीठ असू शकतं. शेणखत आणि रासायनिक खत आत्ता नको. खायला तोंडच नाही, तर ताट वाढून काय करणार!

कोणती काडी?

शेंड्याची लुसलुशीत फांदी लगेच मान टाकते आणि बुंध्याजवळचं जून लाकूड कंटाळा येईपर्यंत हलत नाही. मधली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळे (पान फुटायच्या गाठी) असलेली घ्या. मोगऱ्याची बारीक काडीही चालते. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका द्या आणि वरचा सरळ. मग काडी उलटी रोवली जात नाही, कारण उलटी काडी सहसा लागत नाही. कळ्या असतील तर खुडा, जीव झाला तरी.

नर्सरीतला गुलाब बहुधा डोळा भरलेला, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटावर कलम केलेला असतो. जोडाच्या खालून फुटलेली फांदी लावली तर रानगुलाब येतो आणि लोक नर्सरीवाल्याला दोष देतात.

रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पावडर चिमूटभर पुरते. काडी बुडवून झटका, जास्त लागली तर मुळं येण्याऐवजी अडतात. मध-दालचिनीने हार्मोनचं काम होत नाही. जास्वंद आणि तगर तर नुसत्याही लागतात.

पालवी फुटली म्हणजे काडी लागलीच असं नाही

बोगनवेल आणि गुलाब इथेच फसवतात. दहा-पंधरा दिवसांत कोवळी पालवी दिसते, घरभर आनंद होतो, कुणीतरी कुंडी उन्हात नेते आणि दोन दिवसांत पालवी काळी पडते. ती पालवी काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असते, खाली मूळ नसतंच. पाहायला काडी उपटू नका, नुकतं फुटलेलं मूळ तिथेच तुटतं. कुंडीच्या भोकातून पांढरं टोक दिसलं किंवा पानं महिनाभर टिकून नवी आली, तर समजा लागली. जास्वंद, मोगऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बोगनवेलीला दोन-अडीच महिने द्या. मध्येच शंका आली तर साल नखाने जराशी खरवडा. खाली हिरवं असेल तर तिला तसंच राहू द्या.

बुडखा काळा, मऊ झाला असेल तर पाणी जास्त झालं. काडी वरून सुरकुतत आली तर हवा कोरडी पडली किंवा पानं जास्त ठेवली. जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ती काडी आणूच नका, बाकीच्या कुंड्यांतही तो पसरतो.

देवचाफा या सगळ्याला अपवाद आहे. काडी कापून चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा, मगच लावा आणि त्याला पिशवी घालू नका. कण्हेर बाटलीतल्या पाण्यातही फुटते, पण झाड विषारी. चिकाचे हात धुवा आणि ती बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

मुळं धरल्यावर पिशवी एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवा. मोठ्या कुंडीत नेताना बोगनवेलीच्या मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका, तिची मुळं फार नाजूक असतात. कुंडीऐवजी पिशवीत लावली असेल तर ती पिशवी ब्लेडने उभी कापून गोळा अलगद ठेवा आणि नवं पान उलगडेपर्यंत फक्त सकाळचं ऊन दाखवा.