मुलांना फ्रेडरिक डग्लसची गोष्ट सांगायची असेल, तर पावापासून सुरुवात करा

कोपरखैरण्याला आमच्या अभ्यासिकेत शनिवारी पाचवी-सहावीची मुलं गोष्टीला बसतात. अमेरिकेत गुलामगिरीतून पळालेल्या आणि पुढे तिच्याविरुद्ध लढलेल्या डग्लसची गोष्ट पहिल्यांदा सांगताना मी चाबकाच्या फटक्यांपासूनच सुरुवात केली. एका मुलीने कानांवर हात ठेवले, ते शेवटपर्यंत काढले नाहीत. तेव्हापासून मी पावापासून सुरू करते.

फ्रेडरिक १८१८ साली मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. नेमकी तारीख त्याला कधीच कळली नाही. लहानपणी त्याला बाल्टिमोरला पाठवलं. तिथल्या मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकाने ‘गुलामाला वाचायला शिकवणं धोक्याचं’ म्हणत बंद पाडलं. मग फ्रेडरिक पाव घेऊन रस्त्यावर जायचा. गरीब गोऱ्या मुलांना पाव द्यायचा, बदल्यात धडा घ्यायचा. इथे थांबा आणि विचारा, धोका कुणाला? उत्तर तुम्ही देऊ नका. मुलं बराच वेळ गप्प बसली तरी बसू द्या.

आता खडू आणि आंब्याची रिकामी लाकडी पेटी पुढे घ्या. गोदीतले सुतार फळी तासून झाली की ती जहाजात कुठे बसणार त्याचं अक्षर तिच्यावर लिहायचे. डावीकडे एल, उजवीकडे एस, पुढे एफ, मागे ए. फ्रेडरिकने ही चार अक्षरं गिरवली. लिहिता येणारा पोरगा भेटला की म्हणायचा, मलाही तुझ्याइतकं येतं. ‘दाखव बघू!’ हा चार लिहायचा, समोरचा ईर्ष्येने आणखी लिहून दाखवायचा, की ती याला मिळाली! हाच खेळ पेटीवर खेळा. आमच्यात एकाचे वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी आहेत. तो मध्येच म्हणाला, “बाबा पण गोणीवरचा मार्का बघून माल कुणाचा ते ओळखतात.” अशा वेळी गोष्ट बाजूला ठेवून त्याचं ऐका.

फटके आणि आईपासूनची ताटातूट गाळू नका, पण ते या खेळानंतर सांगा. तोवर फ्रेडरिक मुलांच्या ओळखीचा झालेला असतो. पलायन थोडक्यात उरका: ३ सप्टेंबर १८३८, खलाशाचा वेश, आपण गुलाम नाही असं दाखवणारे उसने कागद, आगगाडी. १८४७ मध्ये गुलामगिरीविरुद्ध त्याने स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, हे मात्र सावकाश सांगा.

शेवटी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ काढा. १८७३ सालचं हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामगिरी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलंय. आमची प्रत जीर्ण आहे, म्हणून अर्पणपत्रिकेचं पान मीच उघडून धरते आणि एकेकाला जवळ बोलावते.